'देश' शब्दाचा अर्थविस्तार आणि बालशिक्षण

मुलांना देशप्रेम केव्हा व कसे शिकवावे याचा ऊहापोह शिक्षणशास्त्राच्या अंगाने पुष्कळ झाला आहे. परंतु ज्या शब्दाभोवती तो फिरतो त्या 'देश' शब्दाचा इतिहासही या संदर्भात उद्बोधक आहे. कोकणातील घरात 'देश' म्हणजे घाटापलीकडचा मुलूख. वडील 'देशावर' गेले, की ते घाट चढून गेले एवढेच मुलास कळे; 'देशस्थ' या नावातही हाच अर्थ आहे. अखिल हिंदुस्थान या अर्थाचा 'देश' मुलास बहुधा घरी न भेटता छापील पुस्तकात व शाळेत भेटला.

या नव्या अर्थास मराठी गद्यात जोर आणणाऱ्यांत विष्णुशास्त्री चिपळूणकर अग्रगण्य होत. १८७४ मध्ये त्यांनी 'निबंधमाला' सुरू केली आणि १८८० मध्ये टिळक-नामजोशींसह पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढले. मालेतील अखेरचा निबंध 'आमच्या देशाची स्थिति' हा पुढे सरकारने जप्त केला. शीर्षकातील 'आमच्या' या सर्वनामाकडेही लक्ष द्यावे. त्यात भूगोल नाही, स्वामित्व आहे. आणि सरकारला खुपले ते तेच, असे म्हणावयास हरकत नाही.

विष्णु गोविंद विजापूरकरांनी हेच सूत्र शाळेच्या रचनेत उतरविले. वंगभंगानंतरच्या राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीत उभे राहिलेले त्यांचे समर्थ विद्यालय तळेगाव दाभाडे येथे होते. मातृभाषेतून शिक्षण आणि त्यास उद्योगाची जोड, हे त्याचे विशेष. पैसा फंडाचा काच कारखानाही त्याच गावी १९०८ मध्ये निघाला, हा योगायोग खास नव्हे. १९१० मध्ये सरकारने विद्यालय बंद पाडले. मुलांची शाळा ही राज्यास धोका वाटावी, यावरूनच तिचे सामर्थ्य कळते.

घराचा मार्ग मात्र निराळा. कोकणातील पालगड हे साने गुरुजींचे जन्मगाव. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना ते वसतिगृहातील मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' स्वहस्ते लिहीत. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले आणि १९३३ मध्ये नाशिकच्या कारागृहात त्यांनी 'श्यामची आई' लिहिले. देशभक्ताने तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकातील आई देशाविषयी प्रवचन करीत नाही. मोळी उचलू न शकणाऱ्या वृद्ध महार स्त्रीला हात देण्यास ती श्यामला सांगते, आणि मग घरी येऊन स्नान करावयासही सांगते. रूढी सुटलेली नाही, पण 'आपले' या शब्दाची कक्षा वाढू लागली आहे. ही कक्षा रुंदावल्यावाचून 'आपला देश' हा शब्दप्रयोग मुलाच्या तोंडी पोकळच राहतो.

स्वातंत्र्योत्तर काळात शाळेने घराचीच भाषा उसनी घेतलेली दिसते. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये तेलुगूत रचलेली प्रतिज्ञा २६ जानेवारी १९६५ पासून देशभरच्या शाळांसाठी स्वीकारली गेली. तिचा गाभा नातेवाचक आहे: मराठी पाठात देशवासीयांस 'बांधव' म्हटले आहे, आणि तो शब्द मूळचा भाऊबंदकीतला. पालक, गुरुजन व वडीलधारे यांचा मान ठेवण्याचे वचनही त्याच ओघात येते. सामूहिक पठणात नित्याच्या उच्चाराने अर्थ झिजतो हा भाषिक अनुभव येथेही लागू पडतो. 'छात्रालय दैनिका'त मुलाशी बोलणारी व्यक्ती त्याच्या ओळखीची होती, येथे ती नाही. प्रतिज्ञा पाठ्यपुस्तकांच्या आरंभी छापली जाते. तिच्या कर्त्याचे नाव मात्र तेथे दीर्घकाळ नव्हते.