स्वस्तातली हत्यारे : काय घ्यावे, काय टाळावे?

शहरातील बहुतेक घरांत हत्यारांची पेटी असते. पेटी नसली तरी स्वयंपाकघरातील एखाद्या खणात पक्कड, टेस्टर आणि दांडा सैल झालेली हातोडी हमखास सापडते. ही हत्यारे नव्याने घेण्याची वेळ आली म्हणजे ग्राहकापुढे दोन पर्याय असतात. नामांकित कंपनीची एक पक्कड ज्या किमतीला मिळते, जवळजवळ त्याच किमतीत प्रदर्शनातील मांडणीवर, पदपथावर किंवा संगणकाच्या पडद्यावर 'शंभर वस्तूंचा संपूर्ण संच' खुणावत असतो. वर्षातून चारदा पडद्याची दांडी बसवायची किंवा नळाचा वॉशर बदलायचा, त्यासाठी महागडी हत्यारे कशाला, हा प्रश्न रास्तच आहे.

त्यावर एक ठरावीक सल्ला दिला जातो. आधी सगळे स्वस्तातले घ्यावे आणि वापरून जे मोडेल तेवढेच पुढे चांगल्या प्रतीचे घ्यावे. या सल्ल्यात व्यवहारज्ञान आहे, परंतु हत्यार मोडले की नुकसान केवळ हत्याराचेच होते, असे त्यात गृहीत धरलेले आहे. पुट्टी लावण्याच्या पात्याबाबत ते खरे आहे. स्क्रू-ड्रायव्हर फसला तर मात्र हाती घेतलेले कामही बिघडते, आणि ग्राइंडर फसला तर डोळा जाऊ शकतो. त्यामुळे 'हे किती वेळा लागणार?' याआधी 'हे ऐनवेळी फसले तर काय होईल?' असे स्वतःला विचारावे आणि मगच पैशाचा हिशेब मांडावा, असे आम्हाला वाटते.

पोलादाचे 'पाणी'

दोन स्क्रू-ड्रायव्हर शेजारी ठेवले तर महाग कोणता आणि स्वस्त कोणता, हे डोळ्यांना कळत नाही. चकाकी दोन्हींना सारखीच असते, कारण वरचा मुलामा स्वस्त असतो. खरा फरक आतल्या पोलादात आणि त्याला दिलेल्या 'पाण्यात' असतो. पोलाद लालबुंद तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवले की ते कठीण होते. परंतु त्याचबरोबर काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताच्या उष्णतेवर तापवून त्याचा ठिसूळपणा घालवावा लागतो. गावचा लोहार हे काम पोलादाच्या बदलत्या रंगावर नजर ठेवून करतो, तर कारखान्यात त्यासाठी तापमान मोजणाऱ्या भट्ट्या असतात. यात वेळ आणि इंधन दोन्ही खर्च होते, आणि किंमत खाली आणायची झाली की पहिली काटछाट इथेच होते. दांड्यावर 'क्रोम व्हॅनेडियम' असे कोरलेले असले तरी केवळ त्या अक्षरांवरून पाणी नीट दिले आहे, हे सिद्ध होत नाही.

मऊ पोलादाच्या स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दहा-बारा स्क्रूंतच झिजते. झिजलेले टोक स्क्रूच्या खाचेत नीट बसत नाही. जोर लावला की निसटते आणि निसटताना खाच खरवडून टाकते. गिझरच्या पट्टीचा किंवा खिडकीच्या कडीचा स्क्रू असा एकदा बिघडला की तो ड्रिलने कोरून काढण्यावाचून गत्यंतर नसते. स्क्रू-ड्रायव्हरवर वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट मजुरी मग कारागिराला द्यावी लागते. फुलीच्या टोकांचेही प्रकार असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मॉड्युलर स्वयंपाकघराच्या बिजागऱ्यांना अनेकदा 'पोझिड्रिव्ह' जातीचे स्क्रू असतात. त्यांच्या फुलीच्या मधोमध आणखी चार बारीक रेषा दिसतात. त्यात नेहमीचा 'फिलिप्स' स्क्रू-ड्रायव्हर घातला तर तो चांगल्या प्रतीचा असूनही घसरतो. घरासाठी दोन क्रमांकाचा एक चांगला फिलिप्स आणि मध्यम रुंदीचा एक चपटा एवढे पुरेसे आहे. शंभर नगांच्या संचात नव्वद नग म्हणजे बोटभर लांबीची टोकेच असतात, आणि त्यांतली बहुतेक कधी डबीबाहेर येत नाहीत.

सरकत्या जबड्याच्या पान्याची कथा याहून निराळी नाही. जबडा खिळखिळा असेल तर पाना नटावरून घसरतो, पितळी नळाचे कोपरे गोल होतात आणि मूठ भिंतीवर आपटते. हातोडीबाबत तर तडजोड करूच नये. डोके दांड्यात पक्के बसले आहे की नाही हे पाहावे. अतिकठीण आणि ठिसूळ पोलादाच्या हातोडीचा कपचा उडून डोळ्यात जाऊ शकतो. ज्यांना काँक्रीटचा खिळा ठोकायचा आहे त्यांनी हातोडीबरोबर साधा संरक्षक चष्माही घ्यावा.

चांगले म्हणजे परदेशीच, असे मात्र मुळीच नाही. पंजाबातील जालंधर व लुधियाना आणि राजस्थानातील नागौर ही हातहत्यारांची जुनी केंद्रे आहेत. आपल्याकडे नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील टपारिया कंपनीने एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने १९६९ मध्ये हत्यारे बनवण्यास प्रारंभ केला, आणि तिच्या पकडी आज वायरमनच्या पिशवीत सर्रास दिसतात. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत चौकशी केली तर अशी देशी हत्यारे परदेशी नाममुद्रेच्या मानाने बऱ्याच कमी किमतीत मिळतात. स्वस्त आणि टाकाऊ यांच्या मधला हा प्रदेश बराच विस्तीर्ण आहे.

दुकानातच पाहून घ्यावे

हत्यार हातात घेऊन पाहता येत असेल तर काही दोष तिथल्या तिथे उघड होतात. पक्कड मिटून उजेडाकडे धरावी; तार कापण्याच्या धारांमधून प्रकाशाची रेघ दिसता कामा नये. जबडे आडवे हलवून पाहावेत. खिळीत ढिलाई असेल तर ती पुढे वाढणारच. पाणसळ (स्पिरिट लेव्हल) काउंटरवर ठेवून बुडबुडा कुठे थांबतो ते पाहावे आणि मग त्याच जागी ती टोकाकडून टोकाकडे फिरवून ठेवावी. बुडबुडा दोन्ही वेळा नळीच्या खुणांशी त्याच जागी थांबला तर पाणसळ खरी. काउंटर सपाट नसला तरी ही परीक्षा चुकत नाही. गुण्या तपासायचा तर कागदाच्या सरळ कडेला लावून रेघ मारावी, तो उलटा करून पुन्हा मारावी आणि दोन्ही रेघा जुळतात का ते बघावे. मोजपट्टीच्या टोकाची पत्र्याची आकडी किंचित हलते म्हणून पुष्कळ जण ती परत करतात, परंतु हा दोष नव्हे. कडेला अडकवून मोजताना आणि भिंतीला टेकवून मोजताना आकडीच्या जाडीएवढा फरक पडू नये, म्हणून ती तेवढीच सरकती ठेवलेली असते.

स्वस्तातले बिनदिक्कत घ्यावे असेही बरेच काही आहे. पुट्टीचे पाते, रंगाचे ब्रश, थापी, हॅक-सॉची चौकट (पाते मात्र चांगले घ्यावे), लाकूड धरण्याचे छोटे शिकंजे, सिलिकॉन भरण्याची बंदूक आणि हत्यारे ठेवण्याची पेटी यांत नाममुद्रेसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. ओळंबा तर कितीही स्वस्त असला तरी सरळच लोंबतो!

विजेच्या हत्यारांबाबत

इथे मात्र सूर बदलावा लागतो. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत धोकादायक वस्तू म्हणजे खिशात मावणारा टेस्टर. त्यात निऑनचा छोटा दिवा आणि त्याला जोडलेला मोठा विद्युतरोध असतो. आपण टोपीला बोट लावतो तेव्हा अतिसूक्ष्म प्रवाह आपल्याच शरीरातून जमिनीकडे जातो आणि दिवा लागतो. म्हणजे घरातील २३० व्होल्ट आणि आपण यांच्यामध्ये असतो तो एवढासा रोध! तो निकृष्ट असेल किंवा ओलाव्याने निकामी झाला असेल तर काय होईल, हे सांगायला नको. पदपथावरच्या ढिगातून घेऊ नये अशी एकच वस्तू निवडायची झाली तर आम्ही टेस्टर निवडू. पकडीच्या मुठीवरील रंगीत प्लास्टिकही विजेपासून संरक्षण देतेच असे नाही. अनेकदा ते केवळ पकड चांगली बसावी म्हणून असते. विजेच्या कामासाठी बनवलेल्या आणि तपासलेल्या हत्यारावर एकात एक दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट हा आकडा असतो. तो असला तरी मुख्य स्विच बंद करूनच काम करावे.

ड्रिल मशीन घेताना घराच्या भिंती कशाच्या आहेत हे आधी पाहावे. विटांच्या भिंतीत ठोका देणारे साधे ड्रिल आणि कार्बाइडच्या टोकाचे बिट पुरेसे होते. आरसीसीच्या खांबात किंवा तुळईत मात्र तेच यंत्र रडते, बिट तापून निळे पडते आणि भोक पाऊण इंचावर अडते. त्यासाठी रोटरी हॅमर लागतो. मशीनवर चौकोनात चौकोन अशी दुहेरी इन्सुलेशनची खूण आहे का, वायर जाड व लवचीक आहे का आणि प्लग भारतीय मानकाचा आहे का, हे पाहावे. चपट्या विदेशी पिनांवर जोडपिन चढवून चालवायचे यंत्र घरात आणूच नये. घरच्या मंडलात ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी बसवलेला असणे ही यापेक्षाही मोठी सुरक्षितता. एमसीबी वायरिंगला वाचवतो, माणसाला नव्हे.

बॅटरीवरच्या यंत्रांत तर आकड्यांची धूळफेक चालते. '४८ व्हीएफ', '८८ व्हीएफ' असे मोठाले आकडे छापलेले असतात. लिथियमच्या एका सेलचा दाब सुमारे ३.६ व्होल्ट. असे पाच सेल एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट होतात आणि पूर्ण भरल्यावर ते २१ पर्यंत जातात. हातात मावणाऱ्या बॅटरीत पाचच सेल ओळीने असतील तर ती ४८ व्होल्ट देणे शक्यच नाही.

ग्राइंडरचे तर विचारूच नये. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११ हजार फेरे घेतो. त्याच्या चकतीवर कमाल वेग छापलेला असतो आणि तो यंत्राच्या वेगाहून कमी असता कामा नये. कापण्याच्या चकत्यांना मुदतही असते. मधल्या धातूच्या कड्यावर महिना-वर्ष कोरलेले असते, तेही बघावे. लाकूड कापण्याचे दातेरी पाते ग्राइंडरवर चढवण्याची पद्धत बाजारात बोकाळली आहे. ते पाते लाकडात अडकले की यंत्र हातातून उसळते. ज्याला हे काम रोजचे नाही त्याने ग्राइंडर विकत घेण्यापेक्षा कारागीर बोलवावा.

जिथे चांगले यंत्र महाग पडते तिथे दुसरा मार्ग आहे. एका सदनिकेत ड्रिल वर्षातून दोन-चारदाच चालते. चाळीस घरांच्या सोसायटीने मिळून एक उत्तम रोटरी हॅमर घेतला आणि कार्यालयात नोंदवही ठेवली तर प्रत्येक घराच्या वाट्याला किरकोळ रक्कम येते. दुसरा पर्याय जुन्या मालाचा आहे. मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार इथे बंद पडलेल्या कारखान्यांतले पाने आणि शेगडे (व्हाइस) मिळतात. गंज रॉकेल आणि तारेच्या ब्रशने निघतो. ओतीव लोखंडाला तडा गेलेला नाही एवढे मात्र निरखून पाहावे. विजेवर चालणारे यंत्र तिथून घेऊ नये.

खरेदी कुठूनही केली तरी वेष्टनावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि महिना-वर्ष हे तपशील असणे २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. आयात मालावर मूळ देशाचे नावही हवे. ज्या खोक्यावर यांतले काहीच नाही त्याची तक्रार करायची तरी कोणाकडे? पावती घ्यावी आणि जपून ठेवावी, कारण तिच्यावाचून हमीपत्राचा उपयोग होत नाही.

घेतलेले हत्यार टिकवण्याचा खर्च नगण्य आहे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत एका पावसाळ्यात पक्कड गंजून घट्ट होते. मे महिन्याच्या अखेरीस प्रत्येक हत्याराला मशीनच्या तेलाचे बोट फिरवावे, जोडात एक थेंब सोडावा आणि फडक्यात गुंडाळून पेटी बाल्कनीतून घरात आणून ठेवावी.