परसातील कुक्कुटपालन : ब्रिटनमधील निवृत्तांचा जोडधंदा व विरंगुळा

घरामागील मोकळ्या जागेत तीनचार ते दहाबारा कोंबड्या पाळून घरच्यापुरती अंडी मिळविणे, यास परसातील कुक्कुटपालन म्हणतात. सकाळी खुराडे उघडणे, दाणापाणी देणे, अंडी गोळा करणे आणि अंधार पडण्यापूर्वी कोल्ह्याच्या भीतीने दार लावून घेणे, एवढीच त्यातील नित्याची कामे. त्यांना बळ फारसे लागत नाही. नियमितपणा मात्र लागतो. त्यामुळे नोकरीतून मोकळ्या झालेल्या वृद्धांना हा उद्योग मानवतो. ब्रिटनमध्ये त्याला मोठा इतिहास आहे. कोंबडी पाळावयाची ती अंड्यासाठी की सोबतीसाठी, हा प्रश्न त्यात पुनःपुन्हा उद्‌भवलेला दिसतो. तसेच घरच्या खुराड्याकडे शासनाचे लक्ष केव्हा व कशासाठी वळले, हेही त्यातून कळते.

पाळीव कोंबडी मूळची आग्नेय आशियातील तांबड्या रानकोंबडीपासून (गॅलस गॅलस) निर्माण झाली. चार्ल्स डार्विन यांनी १८६८ मध्ये ही एकच जाती पूर्वज मानली होती. पण अनेक पाळीव कोंबड्यांच्या पायांना व कातडीला पिवळा रंग देणारे जनुक सह्याद्रीत आढळणाऱ्या करड्या रानकोंबडीकडून आलेले आहे, असे २००८ मध्ये दिसून आले. ब्रिटनमध्ये कोंबडी रोमन लोकांपूर्वीच, लोहयुगात पोहोचली होती. त्या काळातील काही सांगाडे कापल्याच्या खुणांविना, अखंड पुरलेले सापडले आहेत. ब्रिटनचे लोक कोंबडी खाणे निषिद्ध मानतात आणि ती केवळ हौसेसाठी पाळतात, अशी नोंद ज्यूलियस सीझरने इ. स. पू. ५४ मधील स्वारीच्या वृत्तांतात केली आहे. तेव्हा हौस ही या व्यवसायाची अलीकडची विकृती नव्हे.

पुढील शतकांत खेड्यातील झोपडीवजा घरांच्या परसात कोंबडी स्थिरावली. अंड्यांचे पैसे बहुधा घरातील स्त्रीच्या हाती असत. विल्यम कॉबेट यांनी १८२२ च्या सुमारास मजुरांच्या गृहव्यवस्थेवर लिहिलेल्या पुस्तकात गाय व डुक्कर यांच्याबरोबर कोंबड्यांनाही स्थान दिले. १८४० नंतर आशियातून आलेल्या धिप्पाड जातींनी श्रीमंतांनाही वेड लावले. व्हिक्टोरिया राणीने विंडसर येथे कोंबड्यांसाठी खास गृह बांधून घेतले. या काळात मोठी प्रसिद्धी लाभलेल्या ‘ब्रह्मा’ जातीचे नाव ब्रह्मपुत्रा नदीवरून पडले असले, तरी ती जात अमेरिकेत तयार झाली. भारतातील असील कोंबड्यांपासून कॉर्नवॉलमध्ये मात्र खरोखरच एक भारदस्त जात सिद्ध झाली आणि आजच्या मांसल कोंबड्यांच्या घडणीत तिचा वाटा आहे. डब्ल्यू. बी. टेगेटमायर यांनी १८६५ मध्ये जातींचे प्रमाणित वर्णन प्रसिद्ध केले. १८७७ मध्ये ‘पोल्ट्री क्लब’ स्थापन झाला.

निवृत्ती ही सामान्य माणसाच्या आयुष्यातील स्वतंत्र अवस्था होण्यास निवृत्तिवेतनाची गरज होती. १९०८ च्या कायद्याने सत्तर वर्षांवरील गरजूंना आठवड्याला जास्तीत जास्त ५ शिलिंग मिळू लागले. एवढ्या रकमेत घरच्या अंड्याचे मोल मोठे होते. पहिल्या महायुद्धानंतर सैन्यातून मुक्त झालेल्या अनेकांनी हाती आलेली रक्कम कुक्कुटपालनात घातली. १९१९ च्या कायद्याने माजी सैनिकांना लहान जमिनी देण्याची सोयही झाली. त्यांपैकी पुष्कळांचे धंदे बुडाले. परसातील सहा कोंबड्या सांभाळणे आणि सहाशे कोंबड्यांवर कुटुंब पोसणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत तोटा झाला तर एक छंद सुटतो, दुसरीत आयुष्याची पुंजी जाते.

दुसऱ्या महायुद्धात परसातील खुराडे राष्ट्रीय महत्त्वाचे ठरले. जून १९४१ पासून अंड्यांचे नियंत्रित वाटप सुरू झाले; माणशी आठवड्याला एक अंडे हे प्रमाण ठरले, पण तेही नेहमी मिळत नसे. १९४२ पासून अमेरिकेतून आलेली अंड्यांची भुकटी लोकांच्या पदरी पडली. ज्यांच्याकडे कोंबड्या होत्या त्यांना दुकानातील अंड्यांवरचा हक्क सोडून त्याऐवजी पूरक खाद्य घेता येई. हे खाद्य उकडलेल्या बटाट्याच्या साली व घरातील उष्टेखरकटे यांत कालवून कोंबड्यांना घालीत. शेजारी आपले हक्क एखाद्या वृद्धाकडे सोपवीत आणि मिळणारी अंडी वाटून घेत. धान्यटंचाईमुळे मोठ्या व्यावसायिकांचे कळप कमी करावे लागले असता परसातील कोंबड्यांनी तूट काही अंशी भरून काढली. अंड्यांवरील नियंत्रण मार्च १९५३ मध्ये उठले.

युद्धोत्तर काळातील एक तरतूद अद्याप लागू आहे. १९५० च्या ‘ॲलॉटमेंट्‌स’ कायद्याच्या बाराव्या कलमानुसार भाडेकरारात काहीही लिहिलेले असले, तरी जागेचा वापर करणाऱ्यास तेथे कोंबड्या वा ससे पाळता येतात. ते व्यापारासाठी नसावेत आणि त्यांपासून आरोग्यास अपाय वा शेजाऱ्यांना उपद्रव होऊ नये, एवढ्याच अटी आहेत. मालकीचे घर नसलेल्या निवृत्तास हा मोठा आधार होता. कोंबड्याला मात्र हा हक्क नाही. पहाटेच्या आरवण्याचे शेजाऱ्यांना वाटणारे भय कायदेकर्त्यांनी ओळखले असावे.

यानंतरच्या दोन दशकांत पिंजऱ्यांतील उत्पादनाने अंडे इतके स्वस्त केले की, परसातील कोंबडी काटकसरीच्या दृष्टीने निरर्थक ठरली. रूथ हॅरिसन यांच्या १९६४ मधील पुस्तकाने पिंजऱ्यांतील प्राण्यांचे हाल लोकांपुढे आणले व पुढील वर्षी ब्रॅम्बेल समितीचा अहवाल आला; तरीही साधे पिंजरे १ जानेवारी २०१२ पर्यंत चालू राहिले. त्यांतील कोंबडी सुमारे ७२ आठवड्यांची झाली, की अंडी घटू लागल्याने ती काढून टाकीत. अशा कोंबड्यांना घरे मिळवून देणारी धर्मादाय संस्था २००५ मध्ये डेव्हनमध्ये स्थापन झाली. पिसे झडलेली, चालण्याची सवय नसलेली अशी कोंबडी अनेक निवृत्तांच्या परसात येऊन उरलेले आयुष्य घालवू लागली. येथे अंड्यांचा हिशेब गौण ठरतो. संकरित कोंबडी तिसऱ्या वर्षी फारच थोडी अंडी देते, पण ती त्यानंतरही जगू शकते. तिला पोसावयाचे की कापावयाचे, हे पाळणाऱ्याने आधीच ठरविलेले बरे.

गेट्सहेड येथे २०११ च्या सुमारास ‘इक्वल आर्ट्‌स’ या संस्थेने वृद्धाश्रमांतील रहिवाशांकडे कोंबड्या सोपविण्याचा ‘हेनपॉवर’ हा उपक्रम सुरू केला. एकटेपणा कमी झाल्याचे नॉर्थंब्रिया विद्यापीठाच्या पाहणीत दिसले. पाहणी लहान गटाची असल्याने तिच्यावरून फार मोठे निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. पण वृद्धाची कोणाला तरी रोज गरज असणे, हे उपक्रमाचे मर्म उघड आहे.

आरोग्याच्या प्रश्नामुळे या छंदावर बंधनेही आली. १९८८ अखेरच्या साल्मोनेला प्रकरणानंतर वृद्धांना कच्ची अंडी टाळण्याचा सल्ला देण्यात येई. सिंहाचा शिक्का असलेल्या अंड्यांपुरता तो २०१७ मध्ये मागे घेतला गेला. घरच्या अंड्यावर असा शिक्का नसतो. युद्धकाळात कर्तव्य ठरलेले उष्टेखरकटे खाऊ घालणे आज बेकायदा आहे, कारण त्यातून प्राण्यांचे रोग पसरतात. पक्षिज्वरामुळे इंग्लंडमध्ये ७ नोव्हेंबर २०२२ ते १८ एप्रिल २०२३ या काळात सर्व पाळीव कोंबड्या आच्छादित जागेत ठेवणे सक्तीचे होते. पूर्वी पन्नास वा अधिक पक्षी असणाऱ्यांनाच नोंदणी करावी लागे. १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड व वेल्समध्ये एकच कोंबडी असली, तरी नोंदणी आवश्यक झाली. स्कॉटलंडमध्ये हा नियम त्याआधी महिनाभर अंमलात आला.