घारापुरी : न दिसलेलं बेट

आजचा विषय तुमच्या ओळखीचा आहे. मुंबईत राहिलेला माणूस एकदा तरी घारापुरीला जाऊन आलेला असतो. गेटवेवरून लाँच धरायची, तासाभरात धक्क्यावर उतरायचं, शंभरावर पायऱ्या चढून मुख्य लेणं बघायचं, माकडांपासून खाऊ वाचवायचा आणि संध्याकाळच्या आत परत. पर्यटकांना तिथे रात्री मुक्काम करता येत नाही. म्हणजे आपण सगळेच तिथले चार-पाच तासांचे पाहुणे. आणि माझं म्हणणं असं, की या बेटाचा इतिहासही आपण बराचसा पाहुण्यांकडूनच ऐकला आहे.

नावापासून बघा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले, त्यांना किनाऱ्याजवळ दगडी हत्ती दिसला, म्हणून ‘एलिफंटा’. 1814 मध्ये त्या हत्तीचं डोकं आणि मान तुटून पडली. 1864 मध्ये अवशेष मुंबईला नेले गेले. 1914 मध्ये तुकडे जुळवून उभा केलेला तो हत्ती आज भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. हत्ती गेला, त्याच्यावरून पडलेलं नाव मात्र राहिलं. गावकऱ्यांसाठी बेट घारापुरीच होतं.

दुसरी गोष्ट शिलालेखाची. लेण्याच्या दारावरचा लेख पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला, तिथे तो कुणाला वाचता आला नाही, असं दिओगो दो कोउतो या पोर्तुगीज इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. पुढे तो लेख हरवला. त्यामुळे लेणं कुणी कोरवलं हे सांगणारं शब्दप्रमाण आपल्या हाती नाही, अनुमानावर भागवावं लागतं. बेटावर कलचुरी राजा कृष्णराजाची तांब्याची नाणी सापडली. शैलीही सहाव्या शतकाकडे बोट दाखवते. तांब्याचं नाणं हलक्या किमतीचं. ते कारागिरांच्या मजुरीचं असावं, असा तर्क अभ्यासकांनी केला आहे. मला तो फार मोलाचा वाटतो. त्या भव्य सदाशिवासमोर उभं राहिल्यावर आपल्याला राजा आठवतो. नाणं मात्र छिन्नी धरणाऱ्याची आठवण देतं. तो माणूस संध्याकाळी परत जात नव्हता.

आता थोडं तत्त्वज्ञान, सवयच आहे ती! आपल्या परंपरेत कुमारिल भट्टांचे मीमांसक आणि अद्वैती ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात. टेबलावर घट दिसत नाही, म्हणून घट नाही, हे ज्ञान. पण त्याला एक अट आहे. घट असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, तर ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार पोचत नाही. धक्का ते लेणं एवढीच वाट चालणारा माणूस ‘बेटावर लेण्यांशिवाय काही नाही’ म्हणतो, तेव्हा तो ही अट मोडतो.

कारण तिथे राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावं आहेत. वस्ती हजार-बाराशेची. टेकडीवर विटांचा जुना बौद्ध स्तूप आहे, तोफा आहेत. 1987 मध्ये लेणी जागतिक वारशाच्या यादीत गेली. पण या गावांना समुद्राखालच्या केबलने कायमची वीज मिळाली ती फेब्रुवारी 2018 मध्ये. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटर, मग अंधार. पलीकडे मुंबईचे दिवे सगळ्यांना दिसत होते. शेवटची लाँच सुटली की पाहुण्यांसाठी बेटही संपत होतं. त्यानंतरचा अंधार बघायला त्यांच्यातलं कुणी तिथे नसायचं.

इतिहासात ‘पुरावा नाही’ हे वाक्य आपण सहज उच्चारतो. तसं म्हणण्याआधी एवढं विचारावं : आपण बघायला कधी गेलो होतो, कुठवर गेलो होतो आणि किती वाजता परतलो? उत्तर ‘दुपारी, लेण्यापर्यंत, पाचच्या आत’ असं असेल, तर ‘नाही’ म्हणू नये. ‘दिसलं नाही’ एवढंच म्हणावं. इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.