‘संदर्भ हवा’ म्हणणाऱ्यांना उत्तर कशाने द्यायचे?



विकिपीडियावर बाबासाहेब, महाड किंवा भीमा कोरेगाव या विषयांवर आपला एखादा तरुण तळमळीने चार ओळी लिहितो. कोणीतरी त्या उडवतो किंवा त्यांवर ‘संदर्भ हवा’ अशी पाटी लावतो. आपला तरुण मजकूर परत टाकतो, समोरचा परत काढतो. मग जात काढली जाते, शिवीगाळ होते आणि शेवटी खाते बंद होते ते आपल्याच पोराचे. त्यानंतर सवाल येतो : इतिहास आमचा, मग पुरावा आम्हीच का द्यायचा?

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. संदर्भ मागणे हा अपमान नाही. पण संदर्भ कोणाच्या छापखान्यात तयार झाले, हा जातीचा प्रश्न आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. यातली एकच धरून बसलो तर आपण हरतो.

९ मे १९१६. कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांचे बाबासाहेब जातिसंस्थेवरील निबंध वाचतात. त्यात ते सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी केलेल्या जातीच्या व्याख्या एकेक करून तपासतात. हेच केतकर पुढे महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे संपादक झाले. केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती : जन्मावरून सदस्यत्व आणि जातीबाहेर लग्नाला बंदी. बाबासाहेबांनी केतकरांचे म्हणणे आधी नीट मांडले, त्यातले चांगले मान्य केले आणि मग दाखवून दिले की ही दोन लक्षणे नाहीतच, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. आवाज न चढवता त्यांनी ज्ञानकोशकारांची चूक दाखवली. वाद घालायची ही रीत आपल्याला वारशात मिळालेली आहे.

आता विकिपीडियाचे कायदे पाहू. इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला, मराठी १ मे २००३ रोजी. कोणीही लिहावे, कोणीही सुधारावे, ही त्याची पद्धत. त्यामुळे खरे-खोटे ठरवणारा न्यायाधीश तिथे नाही. प्रचालक पान कुलूपबंद करू शकतो, खाते रोखू शकतो. पण मजकुराचा निवाडा चर्चा पानावर संदर्भाच्या आधारे व्हावा, असा नियम आहे. २००५ मध्ये अमेरिकन पत्रकार जॉन सीगेंथालर यांचा केनेडी बंधूंच्या हत्यांशी संबंध जोडणारा निव्वळ खोटा मजकूर चार महिन्यांहून अधिक काळ तिथे राहिला. त्या बोभाट्यानंतर संदर्भाचा आग्रह अधिक कडक झाला. म्हणून तिथे ‘खरे काय’ याच्या आधी विचारले जाते, ‘कुठे छापले आहे आणि ते कोणी तपासले आहे?’ इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे संपादन उलटवले, तर तुमचे म्हणणे बरोबर असूनही खाते रोखले जाऊ शकते.

खरी मेख पुढेच आहे. छापले आहे, पण कुठे? १९२० मध्ये ‘मूकनायक’ निघाला तेव्हा ‘केसरी’ने त्याची पैसे देऊ केलेली जाहिरातसुद्धा छापायला नकार दिला. उद्या कोणी म्हणाला की त्या काळचे मोठे वर्तमानपत्र हाच विश्वासार्ह संदर्भ, तर आपली नोंद सापडणार कुठे? ज्यांच्या हाती छापखाना, त्यांच्याच हाती तळटीप! नियम वरून तटस्थ दिसतो, पण तो ज्या कपाटावर उभा आहे ते कपाट तटस्थ नाही.

बाबासाहेब मात्र तक्रार करून थांबले नाहीत. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’, ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’, १९३० मध्ये ‘जनता’. म्हणूनच महाडचा लढा आज आपल्या शब्दांत सापडतो. पुढे १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड काढले. आज त्यांचा खंड आणि पान क्रमांक देता येतो, तो या कष्टांमुळे.

हे किती उपयोगी पडते, त्याचे ताजे उदाहरण घ्या. जानेवारी २०२५ मध्ये एका ज्येष्ठ पत्रकाराने समाजमाध्यमावर जाहीर केले की फातिमा शेख हे पात्र आपणच रचले. एकच गदारोळ उडाला. उत्तर कशाने द्यायचे? सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी माहेराहून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचे नाव आहे. आपल्या गैरहजेरीत तिला त्रास पडत असेल, ही काळजी आहे. मा. गो. माळी संपादित ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’ १९८८ मध्ये शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने छापले आहे. एका पानात दावा कोसळतो!

पण त्याच पत्रात फातिमांची जन्मतारीख नाही. ९ जानेवारी ही तारीख त्या पत्राच्या बळावर लिहिता येत नाही. पुरावा जितके बोलतो तितकेच आपण बोलायचे. आपण एक गोष्ट फुगवून लिहिली, की विरोधक तेवढीच पकडून सगळे खोटे ठरवायला मोकळे होतात.

१९४८ च्या ‘द अनटचेबल्स’च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी पुराव्याचे दुवे तुटलेले असतील तिथे अनुमान का आणि कसे करावे, याची सविस्तर बाजू मांडली आहे. ब्रोकन मेनचा सिद्धांत हे असेच अनुमान. विकिपीडियावर तो ‘असे घडले’ म्हणून लिहिला तर वाद होणार. ‘डॉ. आंबेडकरांनी असा सिद्धांत मांडला’ असे संदर्भासह लिहिले, तर तो सहजासहजी हटवता येत नाही.

म्हणून संपादन उलटवत बसण्यापेक्षा चर्चा पानावर जा. पुस्तक, आवृत्ती, पान क्रमांक द्या. विरोधकाचा संदर्भही वाचा. तो कमजोर असेल तर कुठे कमजोर आहे ते सांगा. दोन विश्वासार्ह ग्रंथांत वेगळे आकडे असतील, तर दोन्ही त्यांच्या नावानिशी लिहा.

आणि जिथे संदर्भच नाही तिथे तो निर्माण करा. तोंडी स्मृती तळटीप म्हणून वापरण्याचा एक प्रयोग २०११ मध्ये भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत झाला होता, पण बहुतेक ठिकाणी आजही छापील कागदच मागितला जातो. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर असलेली माणसे आज ऐंशी-नव्वदीत आहेत. त्यांच्या आठवणी तारखेनिशी नोंदवा, जुनी पत्रके आणि जयंतीचे अहवाल जमवा, तपासा, छापा, ग्रंथालयात ठेवा. जयंतीच्या डीजेवरचा थोडा खर्च जरी इकडे वळला, तरी प्रत्येक तालुक्याचे एक पुस्तक उभे राहील. हे काम आपल्यासाठी दुसरे कोणी करणार नाही.

जय भीम!