साताऱ्यातील एक पंगत

धर्माचे समाजशास्त्र, म्हणजे श्रद्धेच्या खरेखोटेपणाचा निवाडा न करता तिच्यातून माणसामाणसांतील संबंध कसे घडतात याचा अभ्यास, आपल्याकडे विद्यापीठांत रुळण्यापूर्वीच साताऱ्यात त्याचा एक धडा स्वयंपाकघरात दिला जात होता. कुंभोजच्या जैन घराण्यातील भाऊराव पाटील यांनी 1910च्या सुमारास आजच्या सांगली जिल्ह्यातील दुधगाव येथे सहकाऱ्यांसह वसतिगृह उभारले, 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. त्याला 1927 साली गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. जातिधर्माची सीमा देवघरापेक्षा रोटीव्यवहारात, म्हणजे कोणाच्या हातचे अन्न चालते या नियमात, अधिक काटेकोरपणे पाळली जात असल्यामुळे या वसतिगृहात मराठा, महार, जैन व मुस्लिम मुलांनी मिळून रांधणे आणि एकाच पंगतीला बसणे हे त्या काळी कोणत्याही व्याख्यानापेक्षा जड होते. भाऊरावांच्या पत्नी, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाई, यांनी या मुलांच्या जेवणासाठी आधी दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले. ही कथा त्यागाची म्हणून सांगितली जाते, मात्र त्यात एका स्त्रीने आपल्या धर्माचरणाचा अर्थ स्वतः ठरवला होता, याकडे सहसा लक्ष जात नाही.