क्रूसेड आणि गोवा

क्रूसेड म्हणजे पोपच्या अनुज्ञेने लढलेली मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मयुद्धे. पहिल्या धर्मयुद्धाची हाक पोप दुसऱ्या अर्बनने १०९५ मध्ये फ्रान्समधील क्लेरमाँला दिली. चार शतकांनंतर त्या धर्मभावनेची झळ गोव्यालाही लागली. २५ नोव्हेंबर १५१० रोजी पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा जिंकला आणि मुसलमानांची सरसकट कत्तल केली. पोर्तुगालचा राजा मानुएल याला लिहिलेल्या पत्रात त्याने ती स्वतःच नोंदवली आहे. मात्र याच मोहिमेत तिमोजा हा हिंदू सरदार त्याच्या बाजूने होता, आणि गोव्यातील घोड्यांच्या व्यापारावरही पोर्तुगीजांचा डोळा होता. जेरूसलेमकडे निघालेल्या मोहिमांनाच क्रूसेड मानणारे इतिहासकार गोवा वगळतात. इतिहासकार रायली-स्मिथ प्रभृतींच्या मते मात्र लक्ष्य कोणते यापेक्षा पोपची अनुज्ञा महत्त्वाची. आल्बुकेर्कचे ते पत्र विजेत्याचे आहे; त्यात मेलेल्यांची बाजू नाही.