अमेरिकी आणि युरोपीय विद्यापीठपद्धती (माळव्याच्या संदर्भात)

उच्च शिक्षणाच्या या दोन परंपरांमधला भेद सहसा तीन बाबींवरून दाखवतात : अभ्यासाची रुंदी, विशेष विषय निवडण्याचे वय आणि परीक्षा घेण्याचा अधिकार. पहिल्या दोन बाबींची चर्चा फार झाली आहे. माळव्यातल्या उज्जैनच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती तिसरी, म्हणून या नोंदीत भर तिच्यावर आहे.

‘युरोपीय पद्धती’ अशी एकसंध वस्तू मुळात नाही. ऑक्सफर्डची ट्युटोरियल, जर्मनीतले विद्यार्थ्याच्या मर्जीवर चालणारे व्याख्यानवर्ग आणि फ्रान्समधल्या स्पर्धापरीक्षेने प्रवेश देणाऱ्या उच्च संस्था यांच्यात साम्य थोडेच. उलट, अमेरिकेने आपले संशोधनाचे वर्ग जर्मनीकडूनच उचलले; १८७६ मध्ये स्थापन झालेले जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ हा त्याचा ठळक नमुना. अमेरिकेची स्वतःची भर म्हणजे ऐच्छिक विषयांची मोकळीक आणि क्रेडिटचा हिशेब. हार्वर्डमध्ये चार्ल्स एलियट यांनी १८६९ नंतर ही मोकळीक रुजवली. वैद्यक आणि कायदा तिथे पदवीनंतर शिकतात; युरोपात बहुधा शाळा संपताच. उज्जैनचा विद्यार्थीही बारावीनंतर थेट एमबीबीएसला जातो.

दोन्ही परंपरांतून गेलेल्या, माळव्यातच जन्मलेल्या एका मराठी विद्यार्थ्याचे तपशीलवार कागद उपलब्ध आहेत. डॉ. भीमराव आंबेडकर (१८९१–१९५६) यांचे जन्मस्थान महू उज्जैनपासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथल्या नोंदींनुसार त्यांनी घेतलेले अभ्यासवर्ग असे : अर्थशास्त्र २९, इतिहास ११, समाजशास्त्र ६, तत्त्वज्ञान ५, मानववंशशास्त्र ४, राज्यशास्त्र ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन प्रत्येकी १. एकूण ६०. अर्थशास्त्राचा विद्यार्थी जॉन ड्यूई यांच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात बसतो आणि जातिसंस्थेवरचा आपला निबंध ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचतो, हे अमेरिकी व्यवस्थेतच सहज घडण्यासारखे होते.

लंडनमध्ये हिशेब वेगळा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये एडविन कॅनन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. पदवी मात्र लंडन विद्यापीठाची. १९२१ मध्ये एमएस्सी आणि १९२३ मध्ये डीएस्सी. प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागला. त्यामागची कारणे चरित्रकार वेगवेगळी देतात. ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले ते वेगळेच. १९२१ मध्ये जर्मनीत बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव नोंदवले होते, पण तो अभ्यास पुरा झाला नाही. तिकडे कोलंबियाची पीएचडी १९२७ मध्ये मिळाली, कारण प्रबंध छापून त्याच्या प्रती दाखल केल्याशिवाय ती देण्याचा तिथे रिवाज नव्हता. कोलंबियाचा तो प्रबंध ग्रंथरूपाने १९२५ मध्ये छापून निघाला.

भारताच्या वाट्याला आला तो लंडनचा साचा. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे निघालेली विद्यापीठे आरंभी शिकवत नसत. महाविद्यालयांनी शिकवायचे आणि विद्यापीठाने परीक्षा घ्यायची. उज्जैनचे माधव महाविद्यालय याच रीतीने आग्रा विद्यापीठाला जोडलेले होते. (१९२७ मध्ये स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाला आज आंबेडकरांचेच नाव आहे.) १९५७ मध्ये उज्जैनला विक्रम विद्यापीठ स्थापन झाले. परीक्षेचे ठाणे आग्र्याहून शिप्राकाठी आले, पण संलग्नतेची चौकट तीच राहिली.

अमेरिकी महाविद्यालयात प्रश्न काढणारा, शिकवणारा आणि गुण देणारा बहुधा एकच असतो. संलग्नतेच्या व्यवस्थेत हे तिघे एकमेकांना ओळखतही नाहीत. मध्य प्रदेशाने सेमिस्टर आणली तीही याच चौकटीवर, आणि २०१७-१८ पासून पदवीच्या वर्गांना पुन्हा वार्षिक परीक्षा लावली. नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाची अंमलबजावणी राज्यात २०२१-२२ पासून सुरू झाली : क्रेडिट, मुख्य आणि गौण विषय, एका वर्षाला प्रमाणपत्र, दोन वर्षांना पदविका. शब्द अमेरिकी, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे लंडनच्या वळणाचे.

उज्जैनशी अमेरिकी महाविद्यालयाचा थेट संबंध आलेले एक उदाहरण पुरातत्त्वातले आहे. नीमचला जन्मलेले मराठी संशोधक विष्णु श्रीधर वाकणकर (१९१९–१९८८) यांची कर्मभूमी उज्जैन. १९५७ मध्ये त्यांनी भीमबेटका इथल्या गुहांमधली अश्मयुगीन चित्रे प्रकाशात आणली आणि पुढे उज्जैनजवळच्या कायथ्याचे उत्खनन केले. शैलचित्रांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९७६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. सहलेखक रॉबर्ट ब्रुक्स हे विल्यम्स कॉलेजचे, आणि विषयाने अर्थशास्त्रज्ञ. कामगार संघटनांवर लिहिणारा प्राध्यापक अश्मयुगीन चित्रांकडे वळतो, याचे तिथे कुणाला नवल वाटत नाही. आपल्याकडे आधी त्याला विभाग विचारला जातो.

शुल्क : अमेरिकेत जबर, जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांत जवळपास नाही, इंग्लंडमध्ये १९९८ पासून.

बोलोन्या करार : १९९९ मध्ये २९ युरोपीय देशांनी पदवी आणि पदव्युत्तर असे दोन टप्पे आणि सामायिक क्रेडिट स्वीकारण्याचे ठरवले. पूर्ण वर्षाच्या अभ्यासाला ६० क्रेडिट मिळतात. त्यामुळे कागदावर तरी दोन्ही खंड जवळ आले. इंग्लंडमध्ये मात्र एका विद्यापीठाचे गुणदान दुसऱ्या विद्यापीठाच्या बाह्य परीक्षकाने तपासण्याची पद्धत अजून चालू आहे.